१९९० चा अल्बम १९९० सारखाच ऐकू द्या : रेकॉर्ड कंपन्यांना खुले पत्र

जुन्या ध्वनिमुद्रणांचा कारभार पाहणाऱ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या मंडळींना, आणि ती आमच्यापर्यंत पोचवणाऱ्या स्ट्रीमिंग सेवांना,

सप्रेम नमस्कार.

तक्रार आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. जुन्या हेवी मेटल अल्बमचं नवं मिक्स (वाद्यं आणि गायन यांचा तोल नव्याने साधलेली प्रत) तयार करून तुम्ही ते जुन्याच नावाने, जुन्याच कव्हरखाली आमच्या गळ्यात मारता आणि मूळ मिक्स गुपचूप बाजूला सारता. नवं काय काढायचं ते खुशाल काढा. पण मूळ आहे तिथे राहू द्या, आणि कुठलं कोणतं ते स्वच्छ लिहा. एवढीच मागणी आहे. पुढचा सगळा मजकूर ती का आहे ते सांगण्यासाठी.

माझा अल्बम 'रस्ट इन पीस'. मेगाडेथ या अमेरिकन मेटल बँडचा, सप्टेंबर १९९० चा. नऊ गाणी, चाळीस मिनिटांच्या आसपास. डेव्ह मस्टेन गिटार आणि गायन, मार्टी फ्रीडमन गिटार, डेव्हिड एलेफसन बास, निक मेंझा ड्रम्स. फ्रीडमन आणि मेंझा या दोघांचा हा बँडबरोबरचा पहिलाच अल्बम, आणि ऐकताना ते कळतं. नव्याने नोकरीला लागलेला माणूस जसा पहिल्या महिन्यात जीव तोडून काम करतो, तसे दोघं वाजवतात. 'टॉर्नेडो ऑफ सोल्स' या गाण्यातला सोलो (गिटारचं एकट्याचं वादन) पुरा झाल्यावर मस्टेनने तो एकदा अथपासून इतिपर्यंत ऐकला आणि एक शब्दही न बोलता आपल्याशी हात मिळवला, असं फ्रीडमनने सांगितलं आहे. आपण खरोखर या बँडचे झालो असं त्याला त्या क्षणी वाटलं.

कॉलेजच्या वयात मी हा अल्बम कॅसेटवर ऐकला. फीत ताणली जाऊन गाणी किंचित सुरात खाली उतरली, तरी ऐकत राहिलो. त्या वयात एकच कळायचं, वेग. 'हँगर १८'च्या उत्तरार्धात गाणं म्हणणं बाजूला पडतं आणि दोघं गिटारवाले आळीपाळीने सोलो फेकत सुटतात. आम्ही मित्र ते बोटांवर मोजायचो आणि मोजणीवरून भांडायचो. बास कोण वाजवतो याच्याशी कुणाला घेणंदेणं नव्हतं.

मग मधली बरीच वर्षं गेली. नोकरी, संसार, कान जरा मंद झालेले. एका रात्री बरे हेडफोन लावून हाच अल्बम एका स्ट्रीमिंग सेवेवर सुरू केला. कव्हर तेच. नाव तेच. साल १९९०. पहिल्याच गाण्यात ड्रम्स वेगळे वाटले, पण म्हटलं हेडफोन चांगले आहेत, आता कुठे नीट ऐकू येतंय. तिसरं गाणं 'टेक नो प्रिझनर्स' लागलं आणि तिथे मात्र सरळ कळलं की गाणारा माणूस वेगळा आहे. म्हणजे माणूस तोच, वय वेगळं.

तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण हे पत्र इतरांनीही वाचावं म्हणून सांगतो. २००४ मध्ये मस्टेनने या अल्बमचं स्वतः नव्याने मिक्स केलं. जुन्या फितींवरचं काही गायन हाताशी नव्हतं, म्हणून त्याने काही गाण्यांत ते पुन्हा गाऊन घेतलं. 'टेक नो प्रिझनर्स' त्यांतलंच. मस्टेनचा जन्म १९६१ चा. अल्बम मुद्रित झाला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. नवं गायन बेचाळिशीतल्या माणसाचं आहे. दात-ओठ खाऊन, शब्दांचे तुकडे पाडत थुंकल्यासारखं जे मूळ गाणं आहे, ते बेचाळिशीत जमत नाही, आणि जमावं अशी अपेक्षाही नाही. पण मग मागे ड्रम्स अठ्ठाविशीतल्या बँडचे आणि पुढे आवाज चौदा वर्षांनंतरचा, आणि वर लिहिलेलं साल १९९०. हे साल खोटं आहे, एवढंच माझं म्हणणं.

मस्टेनवर माझा राग नाही. अल्बम त्याचा, त्याला हात लावावासा वाटला तर तो लावणारच. कलावंताला आपलं जुनं काम ऐकवत नाही हे मी समजू शकतो. प्रश्न तुम्हाला आहे, कारण दुकानाच्या फळीवर कुठली प्रत ठेवायची आणि कुठली उचलायची हे तुम्ही ठरवता.

इथे रीमिक्स आणि रीमास्टर यांतला फरक सांगायला हवा, कारण तुमच्या जाहिराती तो मुद्दाम पुसतात. बँड वाजवतो तेव्हा प्रत्येक वाद्य फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर मुद्रित होतं. त्या काळी रुंद फितीवर साधारण चोवीस पट्ट्या असत. स्नेअर या कडक वाजणाऱ्या ड्रमला एक, किक या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला एक, बासला एक, गिटारच्या दोन-चार, गायनाच्या आणखी काही. या सगळ्यांचा तोल साधून डावं-उजवं असं दोन पट्ट्यांचं एक गाणं तयार करायचं, हे मिक्सिंग. आणि त्या तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवून सीडी किंवा रेकॉर्ड काढण्याजोगं करायचं, हे मास्टरिंग. रीमास्टर म्हणजे शेवटचा हात पुन्हा फिरवणं. रीमिक्स म्हणजे चोवीस पट्ट्या पुन्हा उघडून तोल नव्याने साधणं. पहिल्यात गाणं जास्तीत जास्त उजळ किंवा कर्कश होईल. दुसऱ्यात गाणंच बदलतं. कव्हरवरच्या चकचकीत स्टिकरवर मात्र दोन्हींना तुम्ही एकाच उत्साहाने 'नवं, सुधारित' म्हणता.

'रस्ट इन पीस'चं मूळ मिक्स मॅक्स नॉर्मनचं. ते कोरडं आहे, मोठ्या सभागृहासारखा घुमणारा आवाज त्यात नाही. प्रत्येक फटका जिथल्या तिथे पडतो आणि लगेच विरतो. अशा वेगात हेच लागतं, नाहीतर सगळ्याचा चिखल होतो. 'होली वॉर्स'मध्ये दोनेक मिनिटांनी सगळा बँड एकदम थांबतो आणि फ्रीडमन अकूस्टिक गिटारवर छोटासा, अरबी वळणाचा तुकडा वाजवतो. मूळ मिक्समध्ये तिथे खोलीतली हवा बदलल्यासारखी होते, कारण आधीच्या रिफपेक्षा (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या ठेक्याच्या ओळीपेक्षा) तो तुकडा लहान आवाजात, जवळून ऐकू येतो. नव्या मिक्समध्ये मला तो रिफच्याच उंचीवर आणून ठेवल्यासारखा वाटतो. कॉलेजात असताना मी हा तुकडा 'आता पुन्हा कधी सुरू होणार' म्हणत सहन करायचो. आज अल्बममधली माझी सर्वांत लाडकी जागा तीच आहे, आणि नेमकी तीच सपाट झाली आहे.

'डॉन पॅट्रोल'चंही तसंच. दोन मिनिटांचंही गाणं नाही. गिटार जवळजवळ नाहीच. बास, ड्रम्स आणि वर मस्टेनचं खर्जातलं बोलणं. तरुणपणी आम्ही ते पुढे पळवायचो. आता ते ऐकताना एलेफसनचा बास किती धीराने चालतो ते कळतं, आणि त्याच्या मागोमाग 'पोलॅरिस' या शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला मेंझाचे ड्रम्स एकटेच येतात तेव्हा ते का तसे ठेवलेत तेही कळतं. आधी बास मोकळा ऐकवला, मग ड्रम्स, मग सगळे तुटून पडतात. मेंझा मे २०१६ मध्ये वाजवता वाजवता स्टेजवरच कोसळला आणि गेला. त्याने १९९० मध्ये स्नेअर कसा वाजवला आणि नॉर्मनने तो कसा ऐकवला, याचा पुरावा म्हणजे ते मूळ मिक्स. तो पुरावा सहज मिळायला हवा, यात अवाजवी मागणी काय आहे?

मॅक्स नॉर्मनचं नाव निघालंच आहे तर दुसरा किस्साही इथेच सांगतो, कारण तो याहून वाईट आहे. मेटल गायक ऑझी ऑसबर्नचा १९८० चा 'ब्लिझर्ड ऑफ ऑझ' हाही ध्वनिमुद्रक म्हणून नॉर्मनच्याच हातचा. त्यात गिटारवर रँडी ऱ्होड्स, बासवर बॉब डेझली, ड्रम्सवर ली कर्सलेक. पुढे डेझली आणि कर्सलेक यांचा रॉयल्टीवरून ऑसबर्न कुटुंबाशी कोर्टात वाद झाला. आणि २००२ मध्ये हा अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्या दोघांचं वादन पुसून तिथे रॉबर्ट त्रुहीयो आणि माइक बोर्डिन यांचं नवं वादन भरलेलं होतं. ऑझीच्याच 'डायरी ऑफ अ मॅडमन' या अल्बमचंही तेच केलं. त्रुहीयो उत्तम बासवादक आहे, वाद नाही. पण मूळ अल्बम मुद्रित झाला तेव्हा तो शाळकरी पोरगा होता. ऱ्होड्स १९८२ मध्येच विमान अपघातात गेला होता. म्हणजे मेलेल्या माणसाच्या गिटारखाली त्याने कधी न ऐकलेला बास आणि ड्रम्स. ज्यांच्याबरोबर तो खोलीत बसून वाजवत होता, त्यांना खोलीतून बाहेर काढलेलं.

चाहते इतके संतापले की २०११ मध्ये मूळ वादन परत आणावं लागलं. तुम्ही हे नऊ वर्षांनी केलंत, पण केलंत, हे नोंदवून ठेवतो. म्हणजे जमतं तर.

आता व्हॉल्यूमबद्दल. यावर बरंच बोलून झालं आहे, पण मेटलपुरती एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डिस्टॉर्शन लावलेल्या, म्हणजे मुद्दाम फाटका केलेल्या गिटारचा आवाज मुळातच दाबलेला असतो. तार हळू छेडा की जोरात, अँप्लिफायर त्याला जवळपास एकाच उंचीवर आणून सोडतो. मेटलच्या रिफचा भिंतीसारखा भरीवपणा त्यातूनच येतो. मग अशा संगीतात चढउतार उरतो कुठे? ड्रम्सच्या फटक्यात, आणि दोन फटक्यांमधल्या रिकाम्या जागेत. मास्टरिंग करताना लिमिटर (ठरावीक उंचीवर आवाज अडवणारं साधन) लावून तुम्ही सगळ्याची सरासरी वर ओढता, तेव्हा शेंडे छाटले जातात, आणि मेटलमध्ये शेंडे म्हणजे स्नेअर आणि किक. जाझ किंवा पियानोचं रेकॉर्डिंग दाबलं तर दहा गोष्टींपैकी काही तरी शिल्लक राहतं. थ्रॅश, म्हणजे असलं वेगवान मेटल, दाबलं की एकच गोष्ट होती, ती जाते. 'मेटल तर मोठ्यानेच ऐकायचं असतं, दाबलं तर काय बिघडलं' असं तुमच्यातली काही मंडळी म्हणतात. मोठ्याने ऐकण्यासाठी आमच्याकडे व्हॉल्यूमचं बटण आहे हो.

सर्वांत गाजलेलं उदाहरण मेटॅलिका या बँडच्या २००८ मधल्या 'डेथ मॅग्नेटिक'चं. सीडी इतकी दाबलेली की जोरकस जागी चरचर ऐकू येत होती. त्याच सुमारास 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेमसाठी तीच गाणी गेली होती, आणि पोरांच्या लक्षात आलं की गेममधली गाणी सीडीपेक्षा स्वच्छ वाजतात. खेळण्यातला आवाज सरस आणि विकत घेतलेली सीडी निकृष्ट! पुन्हा मिक्स करा म्हणून दहा हजारांवर लोकांनी ऑनलाइन अर्जावर सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांचं म्हणणं असं बाहेर आलं की गाणी त्यांच्याकडे आली तीच दाबलेली होती. आज बहुतेक स्ट्रीमिंग सेवा सगळ्या गाण्यांचा आवाज साधारण एका सरासरी पातळीवर आणून वाजवतात, त्यामुळे दाबून मोठं केलेलं गाणं तिथे खाली ओढलं जातं. मोठेपणा जातो, चरचर राहते. तरीही रीमास्टर दाबूनच का निघतात, याचं उत्तर मला तुमच्यापैकी कुणाकडून तरी ऐकायचं आहे.

मेटॅलिकाचंच नाव दुसऱ्या बाजूनेही घेतलं पाहिजे. १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' हा मेटलमधला सर्वांत बदनाम मिक्स. जेसन न्यूस्टेडचा बास त्यात शोधून सापडत नाही. क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात गेला, न्यूस्टेड त्याच्या जागी आला, आणि पहिल्याच पूर्ण अल्बममध्ये त्याचा आवाज गायब. चाहत्यांनी घरच्या घरी बास वाढवलेल्या प्रती तयार करून वाटल्या. २०१८ मध्ये अल्बमची मोठी नवी आवृत्ती निघाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी बास येणार. नाही आला. रीमास्टर केलं, रीमिक्स नाही. बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड याने त्याआधीच कारण सांगून ठेवलं होतं: इतिहास कशाला बदलायचा? आणि मोनालिसाचं हसू जरा सुधारता येईल का असं विचारण्यासारखं ते होईल, असंही जोडून दिलं होतं. मला तो अल्बम बास असता तर अधिक आवडला असता, यात शंका नाही. तरी हा निर्णय बरोबर होता असं मी म्हणेन. तो कोरडा, हाडं दिसणारा आवाज म्हणजेच त्या बँडची त्या वर्षीची अवस्था.

मग रीमिक्स करूच नये का? तसं नाही. मेगाडेथचाच १९८५ चा पहिला अल्बम घ्या. पैसे अपुरे, त्यातलेही भलतीकडेच उडवलेले, कव्हरसुद्धा मनासारखं छापलं गेलं नाही. त्याचं २०१८ मधलं मिक्स ऐकून मला पहिल्यांदा त्यातली गिटार नीट कळली. पण त्यावर 'द फायनल किल' असं वेगळं नाव लिहिलेलं आहे. घेणाऱ्याला कळतं आपण काय घेतोय. एक्झोडस या बँडने आपला १९८५ चा 'बाँडेड बाय ब्लड' २००८ मध्ये सगळाच्या सगळा पुन्हा वाजवला आणि त्याला 'लेट देअर बी ब्लड' असं नाव दिलं. ज्याला नवा हवा त्याने नवा घ्यावा. साधा प्रामाणिकपणा आहे, पैसे बुडाल्याचं ऐकिवात नाही.

पुस्तकवाले हे कधीपासून करतात. पहिली आवृत्ती अमुक साली, दुसरी सुधारित आवृत्ती तमुक साली, पहिल्याच पानामागे छापलेलं असतं. लेखकाने एखादं प्रकरण नव्याने लिहिलं आणि जुनं साल तसंच ठेवून पुस्तक विकलं, तर वाचक प्रकाशकाला धारेवर धरतील. गाण्याच्या धंद्यात हेच चालतं आणि कुणी हूं की चूं करत नाही.

बोनस गाण्यांचंही जाता जाता सांगतो. 'पोलॅरिस' संपल्यावर शांतता हवी असते. तिथे लगेच डेमो (अल्बमच्या आधीची कच्ची ध्वनिमुद्रणं) सुरू होतात. डेमो मला हवे आहेत, उत्सुकतेने ऐकतो मी ते, पण वेगळ्या तबकडीवर किंवा वेगळ्या यादीत ठेवा ना.

आणि फिती. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही चुंबकीय फितींवरचा चिकट थर हवेतली ओल शोषतो आणि फीत यंत्रात अडकायला, खरवडायला लागते. त्या मंद आचेवर, पन्नासच्या वर अंश सेल्सिअसला काही तास शेकाव्या लागतात. मग त्या थोडे दिवस वाजतात आणि तेवढ्यात त्यांची प्रत काढून घ्यायची असते. लॉस एंजेलिसमध्ये जून २००८ मध्ये एका मोठ्या स्टुडिओच्या आवारात आग लागली, तीत मूळ ध्वनिफितींचं कोठार जळालं, आणि त्याची खरी व्याप्ती जगाला २०१९ मध्ये वर्तमानपत्रातून कळली. नेमकं काय आणि किती गेलं यावर अजून वाद आहेत. अकरा वर्षं कुणी काही बोललं नाही. 'रस्ट इन पीस'च्या काही गायनाच्या पट्ट्या १४ वर्षांत हाताशी राहिल्या नव्हत्या. मग तिसाव्या, चाळिसाव्या वर्षी तुमच्या कपाटांत काय उरलं आहे? रीमिक्सवर खर्च करायच्या आधी मूळ पट्ट्यांची आणि मूळ मिक्सची शाबूत प्रत काढून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलीत, तर तुमचाच माल वाचेल.

स्ट्रीमिंग सेवांना माझं मागणं त्याहून सोपं आहे. अल्बमच्या पानावर साल असतं तिथे आणखी एक ओळ द्या: मिक्स कुणाचं, कोणत्या वर्षीचं. वादक बदलले असतील तर तेही. आणि एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही शेजारी ठेवा, एकीला यादीतून उडवू नका. 'रस्ट इन पीस'चं मूळ मिक्स मला शेवटी वापरलेल्या सीड्यांच्या ढिगातून शोधून काढावं लागलं. माझ्या मुलीला ते शोधावंसं वाटलं तर तिच्याकडे सीडी लावायचं यंत्रही नाही.

ही ओळ भरायला माहिती जमवण्यात वेळ जाईल, माणसं लागतील, अशी अडचण तुम्ही सांगाल. त्याची चिंता नको. कोणत्या वर्षीच्या कोणत्या देशातल्या प्रतीत कुठलं मिक्स आहे, कुठल्या गाण्यात कितव्या सेकंदाला आवाज बदलतो, याच्या याद्या चाहत्यांनी केव्हाच करून ठेवल्या आहेत. मागा, फुकट देतील.

कळावे,
आपला,
एक मेटल श्रोता